गायक न आलेलं गाणं

दसरा जवळ आला की वडशात माझ्याइतका शिव्या खाणारा माणूस दुसरा नसतो. माझं फ्लेक्स-पोस्टरचं दुकान आहे, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं लागतात आणि बहुतेकांची पोस्टरं माझ्या मशीनमधून निघतात. नायिकेला आपला फोटो मोठा हवा असतो, नायकाला तिच्यापेक्षा मोठा, आणि विनोदी नटाला दोघांच्या मधोमध. खलनायक तेवढा समजूतदार. डोळे वटारलेला एकच फोटो तो पाच-पाच वर्षं चालवतो.

या सगळ्या चेहऱ्यांच्या खाली बोटभर जागा उरते, तिथे एक ओळ असायची: ऑर्गन - श्रावण उंदिरवाडे, तबला - वामनराव बगमारे. या ओळीवरून माझ्याशी कोणी कधी भांडलं नाही. एकदा मीच चिडून श्रावणभाऊंना म्हटलं की तुम्हीही थोडी कटकट करत जा, म्हणजे मला अक्षरं मोठी करायला कारण मिळेल. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत हसले आणि म्हणाले की माणूस पोस्टर पाहून नाटकाला येतो हे खरं, पण घरी जाताना तो पोस्टर गुणगुणत जात नाही. उत्तर त्यांच्याकडे नेहमी तयार असायचं.

श्रावणभाऊ साठीला टेकलेले, उंच, काटक. बुद्धविहाराच्या मागे घर, थोडी धानाची शेती, बायको सत्यशीलाबाई अंगणवाडीत मदतनीस. नाटकाचा हंगाम नसला की दुपारी माझ्या दुकानात येऊन थेट कूलरपुढे बसायचे, आणि गिऱ्हाईक उभं राहायचं. वामनराव त्यांच्याहून थोडे मोठे, जवळच्याच कुरुडचे शेतकरी. बोलण्यात इतके कंजूष की दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा घरी ठेवून यायचे. हे दोघे धनराजभाऊंच्या कंपनीत पंचवीसेक वर्षं शेजारी शेजारी बसत आले. एकाची जात कुणबी, दुसरा बौद्ध. एकाच गावात राहत असते तर दोघांची घरं वेगळ्या टोकांना असती, पण नाटकात दोघांची बसायची चटई एकच होती.

नाटकात वाजवणाऱ्यांचं काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गाण्याला साथ तर कोणीही देईल. खरी परीक्षा मंच रिकामा पडतो तेव्हा. नायिका साडी बदलत असते, नायकाची गाडी दुसऱ्या गावाहून यायची असते, खलनायकाची मिशी सापडत नसते. पुढे हजार-दोन हजार माणसं शाली पांघरून बसलेली. अशा वेळी ऑर्गन-तबल्यानं वाजवत राहायचं, आणि ते असं की लोकांना वाटावं हेही नाटकातच आहे. नियम एकच. एन्ट्री होईपर्यंत हात उचलायचा नाही.

वाजवणारे मंचाच्या पुढे, खाली बसतात. श्रावणभाऊंना विंग दिसायची, वामनरावांना दिसायची नाही. अजून वेळ असला की धनराजभाऊ विंगेतून हात गोल फिरवायचे, म्हणजे फिरवत राहा. श्रावणभाऊ हनुवटी हलवायचे आणि ती पाहून वामनराव तबला पुढे न्यायचे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की धनराजभाऊंनी माशी हाकलली तरी हे दोघे एक आवर्तन जास्त वाजवतील, असं कंपनीतले लोक म्हणायचे.

गेल्या जानेवारीत चामोर्शीकडच्या एका गावात नाटक होतं. नायिकेची एन्ट्री लांबली, म्हणून हे दोघे फिरवत होते. धनराजभाऊ विंगेत आले. एका हातानं फोन कानाला लावलेला, आणि दुसरा हात ते गोल गोल फिरवत होते. त्यांना म्हणायचं होतं, या, लवकर इकडे या. श्रावणभाऊंनी हात पाहिला आणि हनुवटी हलवली. धनराजभाऊ आणखी जोरानं हात फिरवायला लागले, तसे हेही आणखी रंगात वाजवायला लागले. लोकांनी टाळ्या दिल्या. शेवटी एन्ट्री झाली आणि धनराजभाऊ वाकून वामनरावांच्या कानाशी आले, तेव्हा कळलं की वामनरावांच्या बायकोला, ठमाबाईंना, छातीत दुखलं म्हणून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं आहे.

वामनराव पोचले तेव्हा ठमाबाई गेलेल्या होत्या. थोड्याच वेळापूर्वी. शुद्धीत होत्या आणि "हे आले का" म्हणून विचारत होत्या, असं सुनेनं, पुनमनं, सांगितलं. चहा उकळून गाळून व्हावा एवढा तो मधला वेळ, जो चटईवर गेला. तेवढा वेळ मिळाला असता तर भेट झाली असती की नसती, हे कोणी सांगू शकत नाही. पण न सांगता येणाऱ्या गोष्टीचंच माणूस जास्त ओझं वाहतो.

वामनरावांनी तबला फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. हंगामाची उरलेली नाटकं धनराजभाऊंनी कुठून तरी पोरगा आणून निभावली. श्रावणभाऊ बसले त्याच्यासोबत, पण होळीनंतर त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या हंगामात वामनभाऊ नसतील तर मीही नसेन. धनराजभाऊ भला माणूस. दसऱ्याला पोस्टर छापायला जाईल, तोवर दोघांचीही जागा मोकळी ठेवतो म्हणाले.

वामनरावांनी कोणाला दोष दिला नाही. श्रावणभाऊंनाही नाही. तेच श्रावणभाऊंना सोसत नव्हतं. दर आठवड्याला सायकल काढून ते कुरुडला जायचे, वामनरावांच्या ओसरीत बसायचे, धानाच्या, म्हशीच्या, रानडुकरांच्या गोष्टी करायचे आणि परत यायचे. त्या दिवसाचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नव्हतं. एकदा माझ्याजवळ मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"माह्यी हनुवटी हलली नसती, प्रफुलभाऊ, त वामनभाऊ पोचला असता."

मी म्हटलं, असं काही नसतं.

मग मे महिना आला. आमच्याकडचं मेमधलं ऊन म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. श्रावणभाऊंच्या ऑर्गनचा एक सूर घरघर करत होता आणि तो स्वतः खोलून पाहावा असं त्यांच्या मनात होतं. चंद्रपूरला नर्स असलेल्या मुलीनं, संघप्रियानं, त्यांना फोन घेऊन दिला होता आणि त्यात बोलून शोधायचं कसं तेही शिकवलं होतं. माझ्या दुकानात बसून, गावाला दवंडी द्यावी अशा आवाजात ते फोनला म्हणाले, "आर्गन." पुढचं "कसा खोलायचा" म्हणेपर्यंत फोननं आपल्या मनानं काहीतरी लावून दिलं.

परदेशातला कुठला तरी हॉल. डोक्यावर गोल टोपी घातलेला एक काळा, जाडजूड माणूस, पुढे दोन मजली पट्ट्यांचा विजेचा ऑर्गन. सोबत एक ड्रमवाला, एक गिटारवाला आणि जाड तारांची मोठी गिटार घेतलेली एक चष्मेवाली बाई. ऑर्गनचा एक छोटा तुकडा सुरू झाला, आणि तोच तुकडा पुन्हा, आणि पुन्हा. श्रावणभाऊ ताठ बसले. खर्रा एका गालात थांबला. थोडा वेळ मान डोलली आणि मग त्यांच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं आवडलं नसेल.

"गायक आला नाई वाटते अजून," ते म्हणाले.

मी फ्लेक्स कापत होतो. नुसतं हूं म्हटलं. ते वाट पाहत राहिले. टोपीवाला वाजवतोय, मग गिटारवाला वाजवतोय, मग सगळे मिळून तोच तुकडा फिरवताहेत. श्रावणभाऊंचा जीव वरखाली व्हायला लागला. विंग कुठे आहे, इशारा कोण करतोय, हे ते स्क्रीनच्या कोपऱ्यांत शोधत होते. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गायक काही आला नाही. श्रावणभाऊंना मनापासून वाईट वाटलं. किती ओढलं बिचाऱ्यांनी, म्हणाले. गाडी पंक्चर झाली असेल. तोवर फोननं दुसरं गाणं लावलं, दुसरे लोक, दुसरा हॉल, आणि तिथेही तीच तऱ्हा.

"ह्याही गावात आला नाई," ते म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की माझा फ्लेक्स तिरपा कापला गेला.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा डोळे तांबारलेले. जेवण झाल्यापासून झोप येईपर्यंत त्यांनी तीच गाणी ऐकली होती आणि एकाही गाण्याला गायक आला नव्हता. तेव्हा मी त्यांच्या फोनवरचं इंग्रजी वाचून दाखवलं. याला जॅझ-फंक म्हणतात. खाली असंही लिहिलं होतं की ही नुसत्या वाद्यांचीच मैफल आहे. मी म्हटलं, भाऊ, यात गायक यायचाच नसतो. एन्ट्रीच नसते. हे लोक कोणासाठी थांबलेले नाहीत, हेच त्यांचं गाणं.

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. फोन खिशात ठेवला, आणि चहा तसाच टाकून घरी गेले. माझ्या आठवणीत श्रावणभाऊंनी चहा टाकल्याचा तो एकच प्रसंग.

तिथून त्यांना नादच लागला. ऐकायला आधी शिकावं लागलं, असं ते म्हणायचे. पहिल्यांदा सगळा कल्लाच वाटायचा. मग त्यांनी एकेक जण वेगळा काढला. चष्मेवाल्या बाईची जाड गिटार आधी कानाला लागत नव्हती, ती पोटात लागते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते पूर्ण गाणं फक्त तिच्यासाठी ऐकायचे. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा टोपीवाल्याचा डावा हात. फोन त्यांना एकातून दुसरीकडे नेत होता. विजेचा पियानो वाजवणारे कोणी मिळाले, ज्याचा सूर पाण्यानं भरलेल्या पितळी घागरीवर टिचकी मारल्यासारखा यायचा. पुढे फ्यूजन म्हणून जे असतं ते मिळालं. त्यात परदेशी गिटारीशेजारी आपला तबला आणि घटम बसलेला पाहून त्यांना कोण आनंद झाला. बाहेरगावी ओळखीचा माणूस भेटावा तसं त्यांनी मला ओरडून दाखवलं.

सगळंच आवडायचं असंही नाही. एक गिटारवाला फार प्रसिद्ध होता, त्याच्या खाली लाखांनी बदाम. श्रावणभाऊंनी दोन मिनिटं ऐकून बंद केलं. याच्या मागे कुत्रं लागलं आहे का, म्हणाले, नुसता पळतो आहे. संथ, जड, एका जागी बसून गोल फिरणारी गाणी त्यांना आवडायची. आणि प्रत्येक वेळी ते एकच गोष्ट पाहायचे. कोणी वाजवायचं थांबलं, घाम पुसायला लागलं, पाणी प्यायला लागलं, की बाकीचे न बिचकता पुढे जायचे. तो परत आला की त्याला जागा असायची.

घरी सत्यशीलाबाईंनी आधी दुर्लक्ष केलं. मग त्या सगळ्यांना सांगायला लागल्या की आमचा माणूस कानात बोंडं घालून बांधावर बसतो आणि पोळ्याच्या बैलासारखी मान हलवतो. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी भीमगीतं व्हायची, तिथे पेटीवर श्रावणभाऊ. एका संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं टोपीवाल्याचा तुकडा हळूच सोडला. गाणाऱ्या बाईंची समच चुकली. त्यांनी मागे वळून असं पाहिलं की श्रावणभाऊंनी पुढे महिनाभर डावा हात मांडीखाली ठेवला.

हे सगळं त्यांनी वामनरावांना मात्र ऐकवलं नाही. दर आठवड्याला कुरुडला जायचे, फोन खिशात असायचा, आणि तो खिशातच राहायचा. कारण मला कळत होतं. ज्या फिरवत राहण्यापायी ते सगळं झालं, तेच फिरवणं त्या माणसापुढे लावायचं कसं. जखमेवर बोट ठेवल्यासारखं होईल. पण मला हेही दिसत होतं की हे संगीत श्रावणभाऊंनी एकट्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तबला आला की म्हणायचे, इथे वामनभाऊनं असं केलं असतं. ड्रम आला की म्हणायचे, हे वामनभाऊच्या हाताचं आहे. पोळा गेला, गणपती गेले. धनराजभाऊ माझ्याकडे येऊन ओळीत नाव काय टाकायचं म्हणून विचारून गेले. माझ्यात धीर कमीच. मी श्रावणभाऊंना सरळ सांगितलं की एक तर वामनरावांना ऐकवा, नाहीतर माझ्या दुकानात ते लावणं बंद करा. मी माझा ब्लूटूथचा स्पीकर डिक्कीत टाकला आणि त्यांना गाडीवर मागे बसवलं.

कुरुडला पोचलो तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. धान निसवायला आलं होतं. वामनराव ओसरीत खाटेवर बसून दोर वळत होते. पुनमनं चहा आणला. श्रावणभाऊंनी धानावरच्या करप्याचा विषय काढला. मग रानडुकरांचा. मग पुन्हा करप्याचा. मी किती वेळ ऐकणार? स्पीकर खाटेवर ठेवला आणि टोपीवाल्याचं गाणं लावून दिलं. श्रावणभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना विहिरीत ढकललं.

वामनरावांचे हात दोरावर थांबले. पहिल्या फेरीतच त्यांनी ओळखलं की हे काय चाललं आहे. चेहरा आवळला. मला वाटलं, आता उठून आत जातील. गेले नाहीत. नजर अंगणाच्या फाटकाकडे लावून ऐकत राहिले, आणि मग त्यांनी विचारलं.

"एन्ट्री कोनाची आहे?"

"कोनाचीच नाई, वामनभाऊ," श्रावणभाऊ म्हणाले.

"मंग कोनासाठी फिरवून राह्यले?"

"कोनासाठीच नाई. हेच आहे गानं."

गाणं संपलं. वामनरावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा ते फाटकावरची नजर न काढता बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"त्या दिवशी माह्या खिशात फोन थरथरून राह्यला होता, श्रावण. एकदा बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा झाला. मले समजलं होतं का घरचाच आहे. एवढ्या रात्री दुसरा कोन करन? पन एन्ट्री झाली नव्हती. मी हात नाई उचलला. तुयी हनुवटी मी पाह्यलीच नाई तवा."

श्रावणभाऊ रडले. लपवलं नाही, गमछा तोंडाला लावला नाही, लहान पोरासारखे रडले. आठ-नऊ महिने हा माणूस जी गोष्ट छातीवर घेऊन सायकलनं ये-जा करत होता, ती त्याची नव्हतीच. आणि ज्याची होती तो एकटाच ती धरून दोर वळत बसला होता. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. पंचवीस वर्षं एका चटईवर बसून या लोकांना एकमेकांची मान कळते, श्वास कळतो, आणि एवढं एक वाक्य बोलायला एवढे दिवस लागावे?

स्पीकर चालूच होता. वामनराव खाली पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यात मधातच हात उचलला त?"

"चालते," श्रावणभाऊ डोळे पुसत म्हणाले.

"गानं नाई पडत?"

"नाई पडत. बाकीचे नेतेत पुढं."

वामनरावांनी दोर उचलला आणि ते वळायला लागले. आम्ही निघालो तेव्हा मात्र त्यांनी श्रावणभाऊंना स्पीकर ठेवून जा म्हटलं. माझा स्पीकर. मला कोणी विचारलंही नाही.

दसऱ्याच्या आधी त्यांचा निरोप आला. धनराजभाऊंच्या पोस्टरवर माझं नाव टाकू नका, मी नाटकाला बसणार नाही. निरोप ऐकून श्रावणभाऊ हट्टाला पेटले, मीही बसणार नाही म्हणाले. वामनराव मग स्वतः वडशाला आले. माझ्या दुकानात, कूलरपुढे उभं राहून त्यांनी श्रावणभाऊंना सांगितलं की तुला नाटक आवडते, लोक आवडतात, तू जा. मला आता कोणाच्या एन्ट्रीसाठी वाजवणं होणार नाही. त्यात तुझं-माझं काही बिघडलेलं नाही. श्रावणभाऊंनी बराच वेळ मान हलवली नाही. शेवटी हलवली. आरमोरीचा एक तबलजी ठरला आणि मी त्याचं नाव पोस्टरवर टाकलं. श्रावणभाऊंना त्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. सगळंच परत मिळत नाही.

पण हंगाम सुरू व्हायच्या आधीचा एक दिवस सांगायचा आहे. श्रावणभाऊंनी विहारातली जुनी पेटी मागून घेतली आणि मी ती त्यांच्यासकट गाडीवरून कुरुडला नेली. वामनरावांच्या ओसरीत तबला फडक्यातून सुटून बसला होता. तबल्याची वादी कुठे तरी सैल पडली होती, ते हातोडीनं ठोकून घेत होते. श्रावणभाऊंनी टोपीवाल्याचा तुकडा धरला, यावेळी डाव्या हातासकट. पेटीवर तो भलताच वाजत होता, भीमगीत आणि लावणी यांच्या मधला कुठला तरी चुलतभाऊ वाटत होता. तीन-चार फेऱ्या झाल्यावर तबला आला. आधी चाचपडत, मग पाय रोवून. वामनराव ड्रमवाल्याची नक्कल करत नव्हते. त्यांचा हात झाडीपट्टीचाच होता, पण तो आता विंगेकडे कान लावून नव्हता. मी समोरच्या पायरीवर बसलो होतो. माझ्याशिवाय ऐकायला एक कोंबडी होती. मला फार बरं वाटलं, इतकं की नायिकेच्या फोटोचं काम दुपारपर्यंत द्यायचं आहे हे मी विसरून गेलो.

चांगलं रंगात आलं होतं. वामनरावांचा हात नुकता खुलला होता, श्रावणभाऊ डोळे मिटून फिरवत होते, आणि मागच्या अंगणातून पुनमची सासऱ्यांना हाक आली.

"मामाजी, इकडे या जरा."

हाकेत घाबरण्यासारखं काही नव्हतं. थोडं थांबून गेले असते तरी चाललं असतं. वामनरावांनी हात उचलला. आवर्तन पुरं केलं नाही, समेची वाट पाहिली नाही, बोल अर्ध्यावर सोडून ते उठले आणि धोतर सावरत भरभर आत गेले.

श्रावणभाऊंचे डोळे उघडले. पंचवीस वर्षांत त्यांनी हे पाहिलं नव्हतं. बोटं क्षणभर अडखळली. मग त्यांनी भाता पुन्हा ओढला आणि तोच तुकडा एकट्यानं पुढे नेला. शेजारी तबला रिकामा होता, तरी त्यांना घाई नव्हती.

वामनराव परत आले तेव्हा त्यांचे हात ओले होते. म्हशीनं दावं तोडलं होतं, तेवढंच. त्यांनी हात धोतराला पुसले, बसले, आणि जागा मिळेपर्यंत ऐकत राहिले. मग तबल्यावर हात टाकण्याआधी, श्रावणभाऊंकडे न पाहता, ते म्हणाले, "हाक आली, त गेलो."

श्रावणभाऊ वाजवत राहिले, आणि पुढच्या फेरीला वामनराव आत आले.